शून्य नंबर

हर्षालीनं हात वर केला. साधासुधा नव्हे. खांद्यापासून ताठ, दंड कानाला चिकटलेला, टाचा उचलून चवड्यांवर उभी, आणि त्या हाताच्या टोकाला एकटी करंगळी. सकाळचे साडेनऊ वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी नुकतीच होऊन गेली होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर तेजस्विनी रजेच्या अर्जाचा नमुना लिहीत होती. मायलेकींच्या मध्ये फार तर दोन हातांचं अंतर. ना बाक, ना दुसरं पोर, ना भिंत. "जा ना गं," तेजस्विनी म्हणाली, "स्वतःच्या घरात विचारतात का कुणी?" हर्षाली हलली नाही. "तुला दिसलं ना?" तिनं विचारलं. "दिसलं." "बरं," असं म्हणून तिनं हात खाली घेतला आणि मग कुठं ती मोरीकडं पळाली. कडी लागल्याचा आवाज आला. तेजस्विनी खडू धरून तशीच उभी राहिली. गेले दोन महिने पोरगी दिवसातून तीनचार वेळा असाच हात वर करत होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण 'तुला दिसलं ना' हे आज पहिल्यांदा आलं. तिसऱ्या शिट्टीला ती इतकी दचकली की 'विनंती'वरचा अनुस्वार लांबलचक रेघ होऊन खाली घसरला.

नाकावर घसरलेला चष्मा तिनं वर ढकलला. चष्म्याचं पुढं येईलच.

जूनमध्ये तिनं घरात शाळा काढली तेव्हा नारायणगावच्या त्या कॉलनीत चारपाच दिवस दुसरा विषय नव्हता. बाई स्वतः इंग्लिश मीडियमची शिक्षिका, डी.एड. झालेली, सहा वर्षं नोकरी केलेली. तिनं नोकरीही सोडली आणि पोरगीही शाळेतून काढली. कुणी म्हणालं, मॅनेजमेंटशी वाजलं असेल. कुणी म्हणालं, पगार थकला असेल. समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी तर सरळ विचारलं, "पोरगी मंद वगैरे नाही ना गं?" तेजस्विनीकडं उत्तर तयार होतं. रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, पुण्यातल्या एका जोडप्यानं दोन्ही मुलांना घरीच शिकवल्याचा. तो कापून तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि त्यातली वाक्यं तिला तोंडपाठ होती. मूल आपल्या गतीनं शिकतं. शाळा मुलाला घाबरवते. भीती गेली की शिक्षण आपोआप सुरू होतं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढं ती हे असं काही बोलली की तिथल्या तिथं दोघीतिघींनी "आम्हालाही सांगा हो कसं सुरू करायचं" म्हणून तिला गाठलं. तिनं सांगितलं. आधी दाखला काढा, त्यावर कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहून घ्या, पुस्तकं तीच आणा, वेळापत्रक करा पण त्याचे गुलाम होऊ नका, चौथीची परीक्षा बाहेरून देता येते म्हणतात त्याची चौकशी करून ठेवा. बायकांनी माना डोलावल्या. बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त शाळा घाबरवते म्हणताना त्या शाळेत उभं राहून घाबरवणारी बाई कोण, एवढंच तिनं गाळलं होतं. घरी आल्यावर ओटीतले गहू डब्यात ओतताना तिचे कान गरम झाले होते.

सासू मात्र भाषणाला बधणारी नव्हती. निमगाव सावाला गेल्या वेळी कुशाबाईंनी तिला चुलीपुढंच धरलं. "अगं, आमच्या भरतला ह्यांनी सायकलच्या नळीवर बसवून शाळंत न्हेला. रडला तरी न्हेला, चिखलात पडला तरी न्हेला. आन् तू मास्तरीण आसून पोरगी घरात कोंडती? काय झालं तरी काय शाळंत?" "काही नाही हो आत्या," तेजस्विनी म्हणाली. "कायच न्हाई झालं तर मंग काढली कशाला?" कुशाबाईंनी भाकरी उलथली आणि विषय सोडून दिला, पण सोडताना तिच्याकडं एकदा नीट बघून घेतलं. तेजस्विनीला वाटलं, सांगून टाकावं. म्हातारी शिव्या घालील, घालू दे. पण तेवढ्यात सासरे, कुंडलिकमामा, अंगणातून चहा मागू लागले आणि ती 'आले' म्हणत उठली. उठायला कारण मिळालं की ती उठायची. गेले सात महिने तिचं हेच चाललं होतं.

सात महिने म्हणजे संक्रांतीनंतरचा तो मंगळवार. दुसरी अ, बेचाळीस पोरं, आणि त्यातलं एक तिचं. आपलं मूल आपल्याच वर्गात आलं की मास्तरणीचं काय होतं ते मास्तरणीलाच ठाऊक. पहिल्या दिवशीच तिनं हर्षालीला बजावलं होतं, गेटच्या आत पाऊल टाकलं की मी आई नाही, मॅडम. पोरगीनं ते इतकं निमूट ऐकलं की एकदा मधल्या सुट्टीत पडून गुडघा फुटला तेव्हाही ती "मॅडम, रक्त" म्हणत आली होती. डिसेंबरात हस्ताक्षराचं बक्षीस हर्षालीला मिळालं आणि एक पालक ऑफिसात येऊन गेले. आवाज स्टाफरूमपर्यंत येत होता. "मॅडमच्याच पोरीला कसं काय मिळतं हो?" तेव्हापासून तेजस्विनीनं जरा जास्तच आवळलं. इतरांना एक पट्टी तर हर्षालीला दोन. इतरांची चूक माफ, हर्षालीची वहीभर पुन्हा. मास्तरांच्या पोरांच्या नशिबी हे असतंच, तिच्या वडिलांनी तिला तसंच शिकवलं होतं, आणि लोक वडिलांचं नाव अजून काढतात. तसंच आपलंही काढतील, असं तिला वाटायचं.

त्या मंगळवारी हातच्याची बेरीज चालली होती. दोन मुलांनी करंगळी वर केली होती आणि तिनं त्यांना 'मधल्या सुट्टीत' म्हणून बसवलं होतं. मग तिसऱ्या बाकावरून हर्षालीची करंगळी वर आली. तेजस्विनीनं ती पाहिली. चांगली पाहिली, बोटावरचा शाईचा डागसुद्धा पाहिला. आत्ताच दोघांना नाही म्हटलंय, आता हिला हो म्हटलं तर बेचाळीस घरी बातमी जाईल. ती फळ्याकडं वळली. सात आणि आठ पंधरा, पाचाला पाच, हातचा एक. वळली तर हात तसाच, आता डाव्या हातानं उजव्याच्या कोपराला आधार दिलेला. तिनं पहिल्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारला. त्याला येईना, तर मागच्याला विचारला. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. मग बाकाखाली टपटप आवाज आला आणि कुणीतरी "ईऽऽ" केलं. हर्षालीचा हात अजून वरच होता. तेजस्विनी म्हणाली, "ठकूबाईंना बोलवा. बाकीच्यांनी फळ्याकडं बघा." असं म्हणाली ती. आणि बेरीज पुरी केली.

ठकूबाई म्हणजे शाळेतल्या आया. त्या आल्या, काही न बोलता पोरीला कडेवर उचलून घेऊन गेल्या, धुतलं, पुसलं, कुणाचा तरी कोरडा परकर नेसवून दिवसभर आपल्या स्टुलापाशी बसवून ठेवलं. दुपारी स्टाफरूममध्ये दोघी सहकारी म्हणाल्या, "मानलं बुवा तुम्हाला. स्वतःच्या पोरीलाही सवलत नाही!" मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या मॅडमांनीही मान हलवली. आणि तेजस्विनीला बरं वाटलं. हाच तो काटा. पुढचं सगळं एक वेळ विसरता येईल, रागाच्या, घाईच्या, लोकलाजेच्या खात्यावर टाकता येईल. पण त्या क्षणी चहाचा कप हातात असताना, पोरगी परक्या परकरात बाहेर बसलेली असताना, आपल्याला छान वाटलं होतं, हे कुठल्या तोंडानं कुणाला सांगायचं? मेलं ते कौतुक!

संध्याकाळी केस विंचरताना हर्षाली आरशातून म्हणाली, "आई, मी हात वर केला होता." रडली नाही, तक्रारही नाही, माहिती दिल्यासारखं बोलली. आणि तेजस्विनीच्या तोंडून निघून गेलं, "मला दिसलाच नाही गं, सोनू." बोलून गेल्यावर किती सोपं वाटलं ते! हर्षालीनं जरा विचार केला. "लांबचं दिसत नाही का तुला?" "नसेल दिसत." संपलं. संपलं कसलं! रात्री जेवताना तिनं बापाला काळजीनं सांगितलं, "पप्पा, आईला लांबचं दिसत नाही. तिला ओरडू नका, तिला खरंच दिसत नाही." भरतचं शेतीऔषधांचं दुकान, कुठल्याही रोगावर वेळेत फवारणी झाली पाहिजे हा त्याचा धर्म. "डोळ्याशी खेळ नको राव," म्हणत त्यानं रविवारी मोटारसायकल काढली आणि तिघं मंचरला गेले. चष्मेवाल्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतली, तीही तिनं घडाघडा वाचली. "ताई, तुम्हाला कशाला हवाय चष्मा? नजर एकदम साफ आहे," तो म्हणाला. भरत बाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याशी द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल बोलत होता. हर्षाली काचेला नाक लावून आत बघत होती. तेजस्विनीनं आवाज खाली आणला. "डोळ्यांत धूळ जाते हो. साधी काच बसवून द्या." "म्हणजे शून्य नंबर?" "हं, तसलाच." चष्मेवाल्यानं खांदे उडवले आणि काळी फ्रेम काढली. तेजस्विनी चष्मा लावून बाहेर आली तशी हर्षाली फुटपाथच्या दुसऱ्या टोकाला धावत गेली आणि तिथून बोटं दाखवू लागली. "किती?" "तीन." "आता?" "एक." "आईला दिसायला लागलं, पप्पा!" असं म्हणून रस्त्यातच नाचली. त्या नाचण्याकडं शून्य नंबरातून बघताना तेजस्विनीला वाटलं, आपण पोरीची फसवणूक केली खरी, पण तिला आनंदच दिला की नाही? माणूस स्वतःला काय काय समजावतो!

शाळेत मात्र हर्षालीनं पुन्हा हात वर केला नाही. गरजच पडू दिली नाही. तिची निळी पाण्याची बाटली सकाळी भरून जायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत यायची. तेजस्विनी ती गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या डब्यात ओतायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. जानेवारीचा शेवट, सगळा फेब्रुवारी, निम्मा मार्च. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर तर तिला आधीच माहीत होतं. म्हणून ती विचारायची नाही, ओतायची. कढीपत्ता असा काही फोफावला की समोरच्या काकू फोडणीसाठी डहाळ्या न्यायला लागल्या. मग परीक्षेच्या आधी हर्षालीला थंडी वाजून ताप भरला, शू करताना ती ओरडायला लागली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "पाणी पीत नाही का ही? शाळेत जाऊ देत नाहीत का?" तेजस्विनीनं तोंड उघडलं, पण भरत आधी बोलला. "संडास घाण असतील शाळंतले. म्हणून पोरगी जात नसंल. असंच असणार, न्हाई का गं?" आणि ती म्हणाली, "हो, तसंच काहीतरी." तीन शब्द. दुसऱ्या दिवशी तो तेजस्विनीला घेऊन मोठ्या मॅडमांपुढं जाऊन उभा राहिला आणि टेबलावर हात आपटून बोलला. मोठ्या मॅडमांनी तिच्याकडं वळून विचारलं, "तुम्ही तर इथल्याच आहात. खरं का हे?" तेजस्विनीनं चष्मा नीट केला. "थोडी अस्वच्छता असते," ती म्हणाली.

एवढं बोलल्यावर त्या शाळेत राहणं शक्यच नव्हतं, ना तिला, ना पोरीला. घरची शाळा अशी सुरू झाली. पुरवणीतला लेख नंतरचा. आणि जून उजाडता उजाडता कळलं की पालकांच्या तक्रारीवरून ठकूबाईंना काढून टाकलंय.

आता गंमत अशी की घरची शाळा चांगली चालली होती. वाईट चालली असती तर तिला सोपं गेलं असतं. हर्षाली दुकानात जाऊन पप्पांच्या वजनकाट्यावर बियाणं जोखायची, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून "हे विषारी आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा" असं गिऱ्हाइकांना दरडावायची. परसात दोरी टाकून वाफ्याचं क्षेत्रफळ काढायची. हसायची, भांडायची, मध्येच कंटाळा आला म्हणून फतकल मारायची. तेजस्विनीनं सुरुवातीला उलथनं थाळीवर वाजवून तास बदलले, मग ते आपोआप सुटलं. पण हात सुटला नाही. येडगावच्या धरणावर सहल म्हणून दोघी जीपनं गेल्या, पाणी कसं अडवतात ते बघायला. समोर एवढं मोठं पाणी आणि पोरगी बाटलीचं बूच उघडेना. "घरी गेल्यावर पिते," म्हणाली. तेजस्विनीनं स्वतः घोट घेऊन दाखवला, गोष्ट सांगितली, शेवटी ओरडली. हर्षालीनं दोन घोट घेतले आणि लगेच हात वर केला, धरणाच्या भिंतीवर, वाऱ्यात, आभाळात घुसलेली एवढीशी करंगळी. जवळ मासे विकणारी बाई हसायला लागली. "काय मागती गं पोरगी देवाकडं?" तेजस्विनीलाही हसावं लागलं.

मोरीची कडी निघाली. हर्षाली ओले हात फ्रॉकला पुसत येऊन बसली आणि फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली. प्रति, मुख्याध्यापिका. विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत. "घरच्या शाळेत मुख्याध्यापिका कोण?" तिनं विचारलं. "मीच." "मग रजा तोंडी मागते की!" दोघी हसल्या, आणि त्याच वेळी दारात कुणीतरी खाकरलं.

ठकूबाई होत्या. पदर खोचलेला, हाताचे तळवे टोमॅटोच्या चिकानं हिरवे-काळे झालेले. जूनपासून त्या बाजारात माल निवडायला बसत होत्या, हे तेजस्विनीला माहीत होतं. एकदोनदा लांबून दिसल्या तेव्हा तिनं रस्ता बदलला होता. "ठकूमावशी!" हर्षाली धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. "अगं, हाताला चीक हाय, फ्राक घान व्हईल," म्हणत त्यांनी हात वर धरले आणि कोपरानंच तिला जवळ ओढलं. पिशवीतून चवळीच्या शेंगा काढून उंबऱ्याशी ठेवल्या. "पोरगीला आनल्यात. दुपारी गाड्या भरायच्या आत म्हनलं जाऊन यावं मॅडमकडं." तेजस्विनीनं चहा टाकला. आधण उकळेपर्यंत ती त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.

काम साधंच होतं. शाळेत नवीन ठेवलेली बाई टिकली नव्हती. ठकूबाई पुन्हा विचारायला गेल्या तर मोठ्या मॅडम म्हणाल्या, तक्रार झालीये, आम्ही असंच कसं घेणार? कुणा जुन्या शिक्षिकेनं लिहून दिलं की काम स्वच्छ होतं, तर बघू. "कोन पालक व्हते कुनास ठावं. नाव काय सांगना," ठकूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "मी रोज दोनदा फिनेल टाकत व्हते मॅडम, तुमी बघितलंय. आकरा वर्सं केलं. बाजारात मिळत्यात पैसं, न्हाई म्हनत न्हाई, पर कंबार धरती खाली बसून. आन् खरं सांगू, पोरांची सवय झाली व्हती. तुमचं वजन हाय तितं. दोन वळी लिवून द्या." तेजस्विनी म्हणाली, "हो, देते ना. बघते. जरा नीट लिहावं लागेल, दोनचार दिवसांत..." दोनचार दिवसांत काय होणार होतं? मोठ्या मॅडम तो कागद वाचतील आणि म्हणतील, तक्रार तुमचीच, शिफारसही तुमचीच? मग कुठलं खरं? खोटं बोलले होते असं लिहिल्याशिवाय त्या कागदाला काडीची किंमत नव्हती, हे तिला 'देते' म्हणतानाच कळलं होतं.

हर्षालीनं हात वर केला. तसाच, चवड्यांवर. आता बहुधा चहाच हवा होता तिला, कारण करंगळीऐवजी अंगठा तोंडाकडं होता. ठकूबाई बघत राहिल्या. "आगं पोरी, घरात कशाला हात वर करती? तोंडानं माग की." "तसं नाही मावशी," हर्षालीनं त्यांना समजावून सांगितलं, "आईला लांबचं दिसायचं नाही. शाळेत मी हात वर केलेला, तिला दिसलाच नाही. आता चष्मा लागलाय. तरी उंच केलेला बरा, नाहीतर राहून जातं." ठकूबाई हसल्या आणि सहज, चहाचा भुरका मारता मारता बोलून गेल्या, "असं कसं? मी व्हरांड्यात स्टुलावर व्हते, मला भायेरनं दिसत व्हता की गं तुजा हात. मी म्हनलं, आता सोडतील मॅडम, मंग सोडतील..." आणि त्या थांबल्या. बशी तशीच हातात राहिली. "तुला दिसला?" हर्षाली म्हणाली. "तुला तर चष्मापण नाही."

ठकूबाईंनी नजर खाली घातली आणि पदरानं नसलेला घाम टिपला. त्या उठायला लागल्या. मोठं मन म्हणतात ते हेच असावं, मनात आलेलं न विचारता उठून जाणं. पण तेजस्विनीला ते सोसवेना. उठायला कारण मिळालं की उठणारी ती, या वेळी बसून राहिली. "ठकूबाई, ती तक्रार मीच केली होती," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा आला. ठकूबाई अर्ध्या उठलेल्या, तशाच. "तुमी?" "मी. संडास घाण असतो म्हणाले." "आन् त्या दिवशी हिला कुनी धुतली? ते इसरला व्हय, मॅडम?" "नाही विसरले." "मंग?" "म्हणूनच," तेजस्विनी म्हणाली. याहून जास्त तिला सांगता येईना. ठकूबाई तिच्याकडं बघत राहिल्या, मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. "लई भारी केलंत," त्या म्हणाल्या. "आमी अडानी मानसं. आमाला वाटायचं, शिकल्याली मानसं खोटं बोलत्याल तर मोठ्या कामासाटी बोलत्याल." दाराबाहेर गेल्या. चपला घातल्या. मग पुन्हा वळून उंबऱ्यावर बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. "लिवा," त्या म्हणाल्या. "मी हितं बसलीया. लिवल्याबिगर जानार न्हाई."

तेजस्विनीनं हर्षालीच्या वहीतलं मधलं पान काढलं. चष्मा काढून पोळपाटाशेजारी ठेवला. प्रति, मुख्याध्यापिका. विषय : पूर्वी केलेली तक्रार खोटी असल्याबाबत. मायना आपसूक आला, पंचवीस वर्षं शिकवल्या-शिकलेल्याचा तेवढा तरी उपयोग. ठकूबाई रोज दोनदा फिनेल टाकत हे तिनं लिहिलं. अकरा वर्षं हे लिहिलं. मग पेन अडलं; कारण मग तक्रार का केलीत, हे मोठ्या मॅडम विचारणारच होत्या, आणि ते न लिहिता दिलेला कागद म्हणजे आणखी एक साधी काच. संध्याकाळी भरतलाही हे वाचून दाखवावं लागणार होतं. तिनं लिहायला घेतलं. कधी हर्षाली मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली ते तिला कळलंच नाही. तीन महिन्यांपूर्वी जोडाक्षराला अडखळणारी पोरगी आता काहीही वाचायची. घरच्या शाळेचं ते यश होतं, हळदीकुंकवात सांगण्यासारखं. ती वाचू लागली, धडा वाचतात त्या सुरात, ओळीखाली बोट धरून. "त्या दिवशी... माझ्या मुलीने... करंगळी वर केली होती." तेजस्विनीला तो कागद झाकता आला असता. तळहात कागदाशेजारीच होता. तिनं तो झाकला नाही. "ती... मला... स्पष्ट... दिसली होती."

बोट तिथंच थांबलं. उंबऱ्यावर ठकूबाईंनी मान वळवली होती. "दिसली होती?" हर्षालीनं विचारलं. "हो," तेजस्विनी म्हणाली, "दिसली होती, बाळा. अगदी पहिल्यापासून दिसली होती." तिनं वाट पाहिली. रडण्याची, ओरडण्याची, दार आपटण्याची. काहीही चाललं असतं. हर्षालीनं पोळपाटाशेजारचा चष्मा उचलून आरपार बघितलं, खिडकीकडं, मग ठकूमावशीकडं, मग आईकडं. सगळं जसंच्या तसं दिसलं असणार. मग तिनं तो ठेवून दिला आणि डाव्या हातानं उजवं कोपर धरलं.

"मग सांगायचं ना," ती म्हणाली. "मी हात खाली घेतला असता. किती दुखत होता."

आणि ती वळून मोरीकडं गेली, काही न विचारता. कडी लागली. तेजस्विनीनं पेन उचललं आणि त्या वाक्याच्या पुढं, आपल्या सुरेख मास्तरकी अक्षरात, तिचा हात दुखत होता हेही लिहिलं.